गोंगाटातून सूर शोधण्याचे गणित

भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडया सुरू होतात. आज या गावाची, उद्या त्या गावाची. दिवसा बाजार आणि दंडार, रात्री नाटक. सहा-सात वर्षांचा असताना अशाच एका मंडईत बाबांच्या हातातून माझा हात सुटला. दोन भोंगे दोन वेगळी गाणी ओकत होते. पुंग्या, ढोलक, पाळण्याची करकर आणि हजारभर माणसांचे एकाच वेळी बोलणे. मी रडत उभा होतो. तेवढ्यात डाव्या अंगाने बाबांचे खाकरणे ऐकू आले. त्यांना तंबाखूची सवय होती. दोनदा आखूड आणि एकदा लांब असे ते खाकरत. भोंग्यापुढे त्या आवाजाची ताकद ती काय? तरी तो मला सापडला, कारण तो कसा असतो हे मला आधीपासून पाठ होते. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तो ऐकूही आला नसेल.

या लेखाचा विषय हेच खाकरणे ओळखण्याचे गणित आहे. ते गणित गेल्या पस्तीस वर्षांत कृष्णविवरांच्या टकरी ऐकण्यासाठी वापरले गेले, आणि त्याचा एक महत्त्वाचा भाग पुण्यात रचला गेला. मी भौतिकशास्त्रज्ञ नाही. बी.एस्सी. अर्धवट सोडून कोंढ्याला परत आलेला, दुकान सांभाळता सांभाळता उरलेल्या वेळात पुस्तके आणि शोधनिबंध वाचत बसणारा माणूस आहे. पण हा विषय मी नुसता वाचलेला नाही, हाताने करून पाहिला आहे. आणि आपल्याकडे त्याबद्दल जे लिहिले जाते, त्यातली एक गोष्ट मला खटकते. ती सांगण्यासाठीच हा खटाटोप.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी, आपल्या घड्याळाप्रमाणे दुपारी ३ वाजून २० मिनिटांनी, अमेरिकेतल्या लिगो प्रकल्पाच्या दोन वेधशाळांतून एक गुरुत्वलहर गेली. एक वेधशाळा लुइझियाना राज्यात लिव्हिंग्स्टनला, दुसरी सुमारे तीन हजार किलोमीटरवर वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्डला. काटकोनात ठेवलेल्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, त्यांत लेझरचा प्रकाश, टोकांना आरसे. लहर आली की एक नळी किंचित लांबते, दुसरी किंचित आखडते. किंचित म्हणजे किती? त्या दिवशीचा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाएवढा होता. एकमेकांभोवती फिरणारी दोन कृष्णविवरे, एक सुमारे ३६ सूर्यांच्या वजनाचे आणि दुसरे २९, एक अब्ज तीस कोटी प्रकाशवर्षांवर एकमेकांत मिसळली होती. तयार झालेले विवर ६२ सूर्यांचे. मधले तीन सूर्य लहरींच्या रूपाने विश्वात उधळले गेले. ऐकू आलेला भाग सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढा.

या लहरींचा आकार मात्र आपल्याला ठाऊक असतो. खळ्यात धान चुरताना दावे मेढीला गुंडाळत गेले की बैलाचे रिंगण लहान होत जाते, तशी ही दोन विवरे लहरींतून ऊर्जा गमावत जवळ येतात. फरक एवढाच की बैल थकतो आणि ही मात्र जवळ येतील तशी अधिक वेगाने फिरतात. म्हणून लहरीचा सूर चढत जातो, जोरही वाढत जातो, आणि शेवटी एकदम थांबतो. इंग्रजीत याला पक्ष्याच्या चिवचिवीचे नाव दिले आहे. पहिल्या लहरीचा सूर सेकंदाला ३५ कंपनांपासून २५० पर्यंत चढला होता.

पण वेधशाळेच्या नोंदीत हे एकटे नसते. दूरच्या समुद्राच्या लाटांनी हलणारी जमीन, आरशातल्या अणूंची उष्णतेने होणारी थरथर, खुद्द प्रकाशाचे कणाकणांनी येणे, विजेच्या तारांची गुणगुण, सगळे त्यातच. मंडईच ती.

यातून सूर वेगळा कसा काढायचा? युक्ती इतकी साधी आहे की वही घेऊन करता येते. समजा, वहीच्या प्रत्येक ओळीत एक आकडा आहे. तो गोंगाटाचा आकडा: कधी ०.३, कधी −१.४, कधी ०.९. चिन्ह बेभरवशाचे, आकार साधारण एकच्या आसपास. त्यात कुणीतरी गुपचूप एक ठरलेला क्रम मिसळला आहे: कुठे +०.२, कुठे −०.२. नुसते पाहून तो कळणार नाही, कारण गोंगाट त्याच्या पाचपट आहे. पण तो क्रम, म्हणजे कोणत्या ओळीत अधिक आणि कोणत्या ओळीत उणे, हा आपल्याला ठाऊक असेल तर? मग जिथे उणे आहे त्या ओळीतल्या आकड्याचे चिन्ह उलटवायचे, जिथे अधिक आहे तिथला आकडा तसाच ठेवायचा आणि सगळ्यांची बेरीज करायची. आता लपलेला क्रम प्रत्येक ओळीत +०.२ देऊ लागतो. शंभर ओळींत २०. गोंगाटाची चिन्हे आधीही बेभरवशाची होती, उलटवूनही तशीच राहतात. त्यांची बेरीज झिंगलेल्या माणसाच्या चालीसारखी पुढे-मागे होत राहते. झिंगलेला माणूस शंभर पावले टाकून साधारण दहा पावलांएवढा दूर जातो, म्हणजे शंभराच्या वर्गमुळाएवढा. म्हणजे २५ ओळींत लपलेला सूर ५ आणि गोंगाटही ५, काहीच कळत नाही. १०० ओळींत २० विरुद्ध १०. दहा हजार ओळींत २००० विरुद्ध १००. आता सूर गोंगाटाच्या वीसपट झाला.

सगळी जादू या वर्गमुळात आहे. ठाऊक असलेला आवाज लांबीच्या पटीत साठत जातो, अनोळखी गोंगाट फक्त वर्गमुळाच्या पटीत. रडारच्या लोकांना ही युक्ती दुसऱ्या महायुद्धापासून माहीत आहे. तिच्यात जो ठाऊक क्रम वापरायचा, त्याला मी साचा म्हणेन.

अडचण अशी की साचा नेमका हवा. तो मूळ लहरीपेक्षा जरा हळू चढत असेल, तर सुरुवातीला दोघे बरोबर चालतात, मग एक मागे पडतो, आणि अर्ध्या कंपनाचा फरक पडला की बेरजेची वजाबाकी होऊ लागते. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची लहर मिनिट-दीड मिनिट ऐकू येते आणि तेवढ्यात सुमारे तीन हजार कंपने होतात. तीन हजार पावले चालून अर्ध्या पावलाची चूक चालत नाही! न्यूटनचे गुरुत्वाकर्षण यासाठी पुरत नाही, आणि आइन्स्टाइनची समीकरणे दोन पिंडांसाठी कागदावर पूर्ण सुटत नाहीत. मग न्यूटनच्या उत्तरात आधी एक दुरुस्ती, त्या दुरुस्तीत आणखी दुरुस्ती, असे सावकाराच्या चक्रवाढ हिशेबासारखे करत जावे लागते. १९९५ साली यातला एक मोठा टप्पा लुक ब्लाँशे, तिबो दामूर, क्लिफर्ड विल आणि अॅलन वाइजमन यांच्याबरोबर बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतल्या बाला अय्यर यांनी गाठला. अखेरच्या टकरीचा भाग या रीतीनेही हाती लागत नाही. तो संगणकावरच सोडवावा लागतो आणि ते पहिल्यांदा २००५ साली फ्रान्स प्रिटोरियस यांना जमले.

आता पुण्याकडे वळू. आकाशातून येणारी लहर किती वजनाच्या जोडीची असेल हे आधी कुणाला ठाऊक असणार? प्रत्येक जोडीचा साचा वेगळा. वजने तर सलग बदलतात, मग साचे अनंत. जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये पुण्यात उभारलेल्या आयुका या संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी हा प्रश्न हाती घेतला. १९९१ साली त्यांचा निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये आला, आणि त्याचा दुसरा भाग १९९४ मध्ये. तेव्हा लिगोची एक वीटही रचलेली नव्हती, हे लक्षात घ्या. ऐकायला कान नव्हते आणि हे लोक ऐकण्याच्या रीतीचा हिशेब मांडत होते.

त्यांच्या उत्तराचा गाभा चांभाराला विचारला तरी तो सांगेल. गावात जितकी माणसे तितक्या मापांच्या चपला कुणी बनवत नाही. सहा, सात, आठ असे नंबर ठेवतात, आणि दोन नंबरांमधले अंतर असे असते की मधल्या पायालाही सहन होण्याइतकेच टोचावे. साच्यांचेही तेच. शेजारचे दोन साचे इतके जवळ ठेवायचे की मध्ये पडणाऱ्या कुठल्याही लहरीचा जोर ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त बुडू नये. पुढे साधारण तीन टक्के तोटा चालवून घ्यायचा असा रिवाज पडला. तीन टक्के ऐकायला कमी वाटतात. पण जोर तीन टक्क्यांनी बुडाला की ऐकू येण्याचे अंतर तेवढे घटते आणि आकाशाचे घनफळ ०.९७ च्या घनाएवढे, म्हणजे सुमारे ०.९१ उरते. शंभरातल्या नऊ टकरी गेल्या. याच्या उलट, तोटा कमी करायचा तर साचे वाढतात आणि संगणक दमतो. हा व्यवहार कुठे बसवायचा, हे ठरवायला आधी पायाची लांबी कशात मोजायची ते ठरवावे लागते. दोन ताऱ्यांची वजने सरळ घेतली तर साचे एका कोपऱ्यात गर्दी करतात आणि दुसरीकडे विरळ पडतात. खरे महत्त्व दोन वजनांच्या एका विशिष्ट मिश्रणाला आहे. सूर किती झपाट्याने चढतो ते प्रामुख्याने त्यावरच ठरते. मापासाठी योग्य पट्टी निवडली की नंबर सारख्या अंतराने मांडता येतात. लहर कोणत्या क्षणी आली आणि तिचे कंपन वर होते की खाली, यांसाठी मात्र वेगळे साचे लागत नाहीत. त्यासाठी गणितातल्या सोप्या पळवाटा आहेत.

१९९६ मध्ये सौम्य मोहंती आणि धुरंधर यांनी आणखी एक व्यवहारी गोष्ट सुचवली: आधी विरळ साच्यांनी चाचपायचे, जिथे संशय येईल तिथेच दाट साचे लावायचे. हरवलेला बैल शोधायला निघालेला माणूस आधी गावोगाव विचारतो, सगळी शेते तुडवत बसत नाही. हे असले शोध वर्तमानपत्रात येत नाहीत. पण संगणकाचे तास त्यानेच वाचतात.

आता खटकणारी गोष्ट. ११ फेब्रुवारी २०१६ ला पहिल्या लहरीची घोषणा झाली, आणि तेव्हापासून आपल्याकडच्या लेखांत, भाषणांत एक वाक्य मी वारंवार वाचले-ऐकले आहे: पुण्याच्या गणिताने पहिली लहर शोधली. अभिमान मलाही आहे. पण घडले ते असे नाही. त्या दिवशी लहर येऊन गेल्यावर तीन मिनिटांच्या आत संगणकाने इशारा दिला, आणि तो इशारा देणाऱ्या कार्यक्रमाकडे साचा नव्हता. दोन्ही वेधशाळांत एकाच वेळी काही उसळले का, एवढेच तो पाहत होता. काय उसळले याच्याशी त्याला देणेघेणे नव्हते. जर्मनीतल्या हॅनोव्हरला बसलेल्या मार्को ड्रागो या तरुणाने तो इशारा प्रथम पाहिला. साच्यांचा तातडीचा शोध त्या वेळी न्यूट्रॉन तारा असलेल्या जोड्यांसाठीच चालू होता; इतक्या जड विवरांची जोडी पहिल्याच फटक्यात येईल, असे तो चालवणाऱ्यांनी धरले नव्हते. म्हणजे बाबांचे खाकरणे ऐकायला कान टवकारले आणि आधी ऐकू आला तोफेचा आवाज. तोफ ऐकायला ओळख लागत नाही.

मग साच्यांनी काय केले? नंतर सुमारे अडीच लाख साच्यांनी तीच नोंद पुन्हा चाळली गेली. सूर गोंगाटाच्या २४ पट निघाला. साच्यांशी ताडून पाहिल्यावरच वजने कळली, अंतर कळले आणि हा योगायोग नाही हेही कळले. पण शोधले म्हणावे असे त्यांचे काम पुढचे आहे. २६ डिसेंबर २०१५, आपल्याकडे सकाळचे ९ वाजून ८ मिनिटे. या वेळची लहर पहिलीच्या एक-तृतीयांश जोराची. सुमारे १४ आणि ८ सूर्यांची विवरे, सेकंदभर चाललेली, ५५ कंपनांची. नोंदीचा आलेख डोळ्यांपुढे धरला तर काहीही दिसत नाही, कितीही निरखा. साच्यांनी ती ७० सेकंदांत पकडली. बेरजेनंतर सूर गोंगाटाच्या १३ पट. ही लहर खऱ्या अर्थाने वर्गमुळाची. पुण्याचे नाव घ्यायचे तर या तारखेला घ्यावे, असे माझे मत आहे. सांताक्लॉजच्या दुसऱ्या दिवशी आली म्हणून असेल, आपल्याकडे तिची कुणी फारशी दखल घेतली नाही.

लिगोच्या नोंदी सर्वांना मोफत मिळतात. लहरीच्या आसपासच्या ३२ सेकंदांची फाइल मी उतरवून घेतली. सेकंदाला ४०९६ आकडे, म्हणजे एकूण १,३१,०७२. पायथॉन ही संगणकाची भाषा थोडीफार शिकलो, साचा बनवला, चिन्हे उलटवून बेरीज केली. सगळीकडे अवाढव्य आकडे आले. कृष्णविवरे बत्तीस सेकंद सतत आदळत असावीत, असा निकाल! आठ-दहा दिवस चूक सापडेना. त्यात रोज संध्याकाळी वीज जायची. मग ध्यानात आले की माझ्या वहीतला गोंगाट सगळ्या सुरांत सारखा होता, खरा गोंगाट तसा नसतो. खालच्या सुरांत जमिनीची घरघर लाखोपटींनी मोठी असते. आधी प्रत्येक सुराला त्याच्या त्याच्या गोंगाटाने भागावे लागते; मंडईतला मोठा भोंगा आधी बारीक करायचा आणि मग कान द्यायचा.

ते केले आणि मला एक शोध लागला. सेकंदाला साठ कंपनांचा, अगदी सरळ, न चढणारा न उतरणारा सूर. एखादा फिरणारा तारा असेल काय? दोन दिवस मी कुणाशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी दुकानातल्या पंख्याकडे पाहताना उजेड पडला. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते. अमेरिकेतली साठ वेळा. मी त्यांच्या वीज मंडळाचा शोध लावला होता.

त्यानंतर मात्र जमले. लिव्हिंग्स्टनच्या नोंदीत बेरीज एका जागी टोकदार उसळली, आणि हॅनफर्डच्या नोंदीत त्यापुढे सुमारे २८ ओळींवर. २८ ओळी म्हणजे सात सहस्रांश सेकंद. प्रकाशाच्या वेगाने लहर एका वेधशाळेकडून दुसरीकडे गेली तो वेळ. ते पाहताना कोंढ्यात रात्रीचे दोन वाजले होते आणि सांगायला घरात जागे कुणी नव्हते.

माझी साठची फजिती मी हसून सांगतो, पण या विषयात ती फार मोठ्या माणसांची झालेली आहे. मेरीलँडच्या जोसेफ वेबर यांनी १९६९ साली अॅल्युमिनियमच्या भल्यामोठ्या दंडगोलांवर गुरुत्वलहरी पकडल्याचे जाहीर केले. इतरांनी यंत्रे बांधली. कुणालाच काही सापडेना. वेबर यांनी मग दुसऱ्या एका गटाच्या नोंदीशी आपल्या नोंदी ताडून एकाच क्षणाचे ठोके दाखवले. पुढे उघड झाले की दोन्ही गटांची घड्याळे वेगवेगळ्या प्रमाणवेळेवर होती. जे ठोके त्यांना एका क्षणाचे वाटले, ते प्रत्यक्षात चार तासांच्या अंतराचे होते. वेबर लबाड नव्हते. हा सगळा विषय त्यांनीच सुरू केला. पण काय हवे आहे ते पक्के ठाऊक असलेल्या माणसाला ते दिसू लागते.

साच्यांच्या रीतीत हा धोका उलट वाढतो. अडीच लाख चपला घेऊन बसले तर वाटेवरच्या दगडालाही एखादी बसेल. म्हणून लिगोच्या लोकांनी स्वतःला फसवण्याविरुद्ध पहारे बसवले आहेत. एक, जुळणी नुसती एकूण बेरजेवर मान्य करायची नाही. खालच्या, मधल्या, वरच्या सुरांत तिचा वाटा साच्याने सांगितला तसाच पडला का, ते पाहायचे. खाकरणे दोनदा आखूड आणि एकदा लांबच हवे; नुसता मोठा खोकला चालणार नाही. दुसरा पहारा मला फारच आवडला. एका वेधशाळेची नोंद दुसरीच्या तुलनेत मुद्दाम थोडी सरकवायची. आता खरी लहर दोन्हीकडे एकत्र येणे शक्यच नाही; तरीही जे जुळेल ते योगायोगाने जुळले. वेगवेगळ्या अंतरांनी सरकवत राहिले की सोळा दिवसांच्या नोंदीतून लाखो वर्षांचा खोटा काळ तयार होतो आणि योगायोग किती मोठे होऊ शकतात ते मोजता येते. पहिल्या लहरीएवढा योगायोग २,०३,००० वर्षांतून एकदाही होणार नाही, हा आकडा असा आला. वेबर यांचे घड्याळ चुकून सरकले होते, हे लोक मुद्दाम सरकवतात.

तिसरा पहारा जरा क्रूर आहे. १६ सप्टेंबर २०१० रोजी एक देखणी लहर सापडली. मोजक्या दोन-तीन माणसांना अधिकार होता की गुपचूप आरसे हलवून खोटी लहर घालावी आणि तसे केले की नाही ते पाकिटात बंद ठेवावे. शेकडो शास्त्रज्ञांनी सहा महिने तपासणी केली, शोधनिबंध लिहून तयार ठेवला. मार्च २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सभेत पाकीट उघडले. लहर खोटी होती. त्या निबंधाचा मसुदा लिहिणाऱ्यांना त्या रात्री जेवण गेले असेल का, असा प्रश्न मला अजून पडतो.

एवढे करूनही २०१७ मध्ये कोपनहेगनच्या नील्स बोर संस्थेतल्या एका गटाने आक्षेप घेतलाच: पहिली लहर वजा केल्यावर उरलेला दोन्हीकडचा गोंगाटही एकमेकांशी जुळतो, मग लहरीवर भरवसा कसा ठेवायचा? नोंदी सर्वांसाठी खुल्या असल्यामुळे इतरांनी हिशेब पुन्हा केला आणि तशी जुळणी आढळली नाही. आक्षेप चुकीचा ठरला, पण तो घेतला गेला आणि घरबसल्या तपासता आला, हे मला महत्त्वाचे वाटते.

साच्याबाहेरचे काय, हा प्रश्न मात्र उरतोच, आणि आजचे संशोधन त्याच्याभोवतीच फिरते आहे. २३ नोव्हेंबर २०२३ ला मिळालेली एक लहर २०२५ च्या जुलैत जाहीर झाली: साधारण १०० आणि १४० सूर्यांची विवरे, प्रचंड वेगाने गिरक्या घेणारी, मिसळून २२५ च्या आसपास. इथे वेगवेगळ्या रीतींनी बनवलेले साचे वेगवेगळी वजने सांगतात. पाय आपल्या दुकानातल्या सगळ्यात मोठ्या नंबरापेक्षा मोठा निघाला, आणि माप घेणारी फूटपट्टीही तिथे पोचत नाही. उलट १४ जानेवारी २०२५ ची लहर साच्यात चपखल बसली. पहिलीसारखीच जोडी, पण दहा वर्षांत यंत्रे इतकी सुधारली की सूर गोंगाटाच्या सुमारे ८० पट. नवे विवर तयार झाल्यावर घंटेसारखे क्षणभर घुमते, हे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्येच दाखवून दिले होते. या लहरीत त्या घुमण्यातले दोन सूर वेगळे काढता आले. विवरांचे पृष्ठफळ एकत्रित कधी घटत नाही, हा स्टीफन हॉकिंग यांचा १९७१ चा नियमही तपासता आला: आधी दोघांचे मिळून सुमारे २,४०,००० चौरस किलोमीटर, नंतर एकट्याचे सुमारे ४,००,०००. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ आहे. म्हणजे आपल्या राज्याहून लहान होते, ते मिसळून राज्याहून मोठे झाले.

शेवटी दिशेबद्दल. खाकरणे डावीकडून आले हे मला कळले, कारण कान दोन होते. पण दोन कानांना दिशा अर्धवटच कळते. पहिली लहर आकाशाच्या सुमारे ६०० चौरस अंशांत कुठेतरी होती. तेवढ्यात तीन हजार पूर्ण चंद्र मावतील. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची लहर आली तेव्हा इटलीतली व्हर्गो ही तिसरी वेधशाळा जागी होती. तिला ती जवळजवळ ऐकूच आली नाही, आणि त्या न ऐकण्यावरूनच दिशा २८ चौरस अंशांवर आली. दुर्बिणी तिकडे वळल्या, दीर्घिका सापडली, आणि पुढे नारायणगावजवळच्या खोडद इथल्या आपल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीनेही तिचा मागोवा घेतला. वेगवेगळ्या दिशांना तोंड करून असलेल्या अनेक वेधशाळांच्या नोंदी एकाच कानाच्या असल्यासारख्या कशा जोडायच्या, याचे गणित अर्चना पै, धुरंधर आणि सुकांत बोस यांनी २००१ मध्ये मांडले होते. पुन्हा तेच, कान नंतर आणि गणित आधी.

तो पुढचा कान आपल्याकडे होऊ घातला आहे: हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, चार किलोमीटरच्या दोन बाहूंची लिगो-इंडिया. तत्त्वतः मंजुरी १७ फेब्रुवारी २०१६ ची; केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपयांना मान्यता दिली ती एप्रिल २०२३ मध्ये. मध्ये सात वर्षे गेली आणि तेवढ्यात दुसरीकडे शंभराच्या आसपास लहरी मोजून झाल्या. जागा मात्र औंढ्याची. नामदेवांचे कीर्तन ऐकायला इथले देऊळ फिरले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. चार किलोमीटरच्या नळ्या फिरवता येत नाहीत. त्यांना पृथ्वीच्या फिरण्यावरच भागवावे लागेल.

तिथला गोंगाट वेगळा असेल. काळ्या मातीखालचा खडक वेगळा, पावसाळ्याचा मारा वेगळा, रस्त्यावरची वाहतूक वेगळी. त्या सगळ्याची ओळख करून घेण्यातच पहिली काही वर्षे जातील. एक गोष्ट मात्र आत्ताच सांगता येते. हिंगोलीच्या आलेखात विजेची ती काटकुळी उभी रेघ साठवर नसेल, पन्नासवर असेल. माझ्या प्रोग्रॅममधली ती ओळ मी बदलून ठेवली आहे.